हिला काहीतरी खायला द्या

मे महिना जवळ आला की मंडळीत मुलींच्या उन्हाळी शिबिराची तयारी सुरू होते आणि पाळकसाहेब विचारतात, "यंदा ताई म्हणून कोण येणार?" पुष्कळ जणी मागे सरतात. म्हणतात, आम्हांला कुठे बायबल शिकवता येतं! पण ताईला फक्त बायबलच शिकवायचं नसतं.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी आहे, वय 12 वर्षं. प्रभू येशू तिला मरणातून उठवतो. घरचे थक्क होऊन बघत राहतात, आणि तो सांगतो काय, तर हिला खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही त्याचं लक्ष त्या पोरीच्या भुकेकडे होतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

शिबिरातल्या ताईचं कामही बरंचसं हेच. एखादी नुसता भात चिवडत बसते, तिच्या शेजारी जाऊन जेवायचं. कुणाची पाळी पहिल्यांदा शिबिरातच येते. तिला पॅड द्यायचं, गरम पाण्याची बादली भरून द्यायची. रात्री दिवे मालवले की मग हळूच प्रश्न येतात. दहावीनंतर शिकू देतील का? इतकी प्रार्थना करूनही बाबांची दारू का सुटत नाही? अशा वेळी घाईनं वचन सांगून तिला गप्प करू नये. ऐकावं, पुन्हा विचारावं.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांनाही आधी घास आणि निवाराच हवा होता.

यंदाही ताया कमी पडताहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे आपलं नाव द्या.