पहारेकऱ्याचे शिंग
(यहेज्केल ३३:१-९)

१ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयास आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. अग्निसुरक्षेच्या तात्पुरत्या दाखल्याची मुदत आधीच संपली होती. बाहेर पडण्यास वाट एकच होती. अशा उणिवा कागदोपत्री नोंदल्या जातात. खाटेवरील रुग्णास त्या कोण सांगतो?

यहेज्केलाच्या पहारेकऱ्यावर तलवार थोपविण्याचा भार नाही, शिंग फुंकण्याचा आहे. पाहूनही तो गप्प राहिला, तर रक्ताचा झाडा त्याला द्यावा लागेल.

आपल्या मंडळ्यांचेही वृद्धाश्रम आहेत. तेथील मागचे दार कुलूपबंद असेल, तर संस्थेच्या अब्रूसाठी ते झाकू नका; अंथरुणास खिळलेल्या वृद्धांस व त्यांच्या कुटुंबीयांस आजच कळवा. प्रभू आपणांस ते धैर्य देवो. आमेन.