श्रद्धेने दिलेले मत आणि त्याचा हिशेब

राज्याच्या कायदेमंडळातील एखादा सदस्य स्वतःच्या धर्मश्रद्धेनुसार मत देतो आणि त्या मतामुळे इतर नागरिकांच्या आयुष्यावर बंधन येते, तेव्हा त्याला त्याचा जाब विचारता येतो का, हा राज्यशास्त्राइतकाच धर्मचिंतनाचाही प्रश्न आहे. श्रद्धा खाजगी असते, तिची झडती घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. कायदा मात्र सर्वांवर लागू होतो, आणि तो करणाऱ्यांनी आपली कारणे सांगितलीच पाहिजेत. विवाह, गर्भपात, दत्तकविधान, शाळेतील प्रार्थना अशा विषयांवर परंपरेच्या बाजूने पडलेल्या मतांत या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये समलिंगी विवाहाच्या विधेयकावर 2009 आणि 2011 साली जे मतदान झाले आणि त्यानंतर मत देणाऱ्यांचे जे झाले, त्यात या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू दिसतात.

या प्रकरणाची सुरुवात न्यायालयात झाली. जुलै 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे तेथील ‘कोर्ट ऑफ अपील्स’ने, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क राज्यघटनेतून आपोआप मिळत नाही, तो द्यायचा की नाही हे विधिमंडळाने ठरवावे, असा निर्णय दिला. त्यामुळे हजारो जोडप्यांचे भवितव्य सभासदांच्या मतावर येऊन ठेपले. कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले. 2 डिसेंबर 2009 रोजी ते 62 सदस्यांच्या सिनेटमध्ये आले आणि 24 विरुद्ध 38 मतांनी पडले. रिपब्लिकन पक्षाचे सर्व 30 सदस्य विरोधात गेले, त्यांच्यासोबत 8 डेमोक्रॅटही गेले.

तेथील पद्धतीनुसार एकेका सदस्याचे नाव पुकारले जाते आणि त्याचे मत त्याच्या नावापुढे नोंदवले जाते. बाजूने बोलणाऱ्यांनी आपल्या घरच्या, मित्रांच्या, मतदारसंघातल्या जोडप्यांच्या गोष्टी सांगितल्या. विरोधात मत देणाऱ्यांपैकी बहुतेक जण मात्र चर्चेत बोललेच नाहीत; नाव आले, ‘नाही’ म्हटले आणि बसले. रॉचेस्टर भागातील रिपब्लिकन सिनेटर जेम्स अलेसी यांनी ‘नाही’ म्हणून दोन्ही हातांत डोके धरले. ब्राँक्समधील रुबेन डियाझ हे डेमोक्रॅट सिनेटर आणि पेंटेकॉस्टल धर्मोपदेशक. त्यांनी मात्र उभे राहून धर्माचा हवाला देत उघड विरोध केला.

प्रतिनिधीने मत कोणाचे द्यायचे, स्वतःचे की मतदारांचे, या वादात एडमंड बर्क यांचे नाव अटळपणे येते. नोव्हेंबर 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नसतो. मतदारांची इच्छा त्याने मनापासून विचारात घ्यावी, पण स्वतःची विवेकबुद्धी त्यांच्या स्वाधीन करू नये. परंपरावादी विचाराचे जनक मानल्या गेलेल्या या माणसाचा दाखला सद्‌सद्विवेकाने मत देणारे लोकप्रतिनिधी आजही देतात. त्यानंतरची सहा वर्षे मात्र सहसा सांगितली जात नाहीत. बर्क यांनी आयर्लंडवरील व्यापारी बंधने सैल करण्याला आणि कॅथलिकांना सवलती देण्याला पाठिंबा दिला. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना आणि प्रोटेस्टंट मतदारांना ते रुचले नाही. 1780 च्या निवडणुकीत पराभव समोर दिसताच बर्क यांनी माघार घेतली. विवेकाने मत देण्याचा अधिकार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि त्याची किंमत वसूल करण्याचा मतदारांचा अधिकारही नाकारला नाही. या दोन अधिकारांत विरोध नाही. विवेकाचे स्वातंत्र्य मत देण्याच्या क्षणापुरते असते. ते पुढच्या निवडणुकीतल्या अभयाची हमी देत नाही.

श्रद्धा आणि विवेक यांत मात्र एक फरक आहे, आणि गुंता तिथेच वाढतो. विवेकाने घेतलेला निर्णय युक्तिवादाने बदलू शकतो, निदान तसे गृहीत तरी धरता येते. ईश्वराची आज्ञा म्हणून घेतलेला निर्णय सभागृहातल्या चर्चेने बदलण्याची शक्यता कमी. मग अशी श्रद्धा सार्वत्रिक कायद्याचा आधार होऊ शकते का? अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1993 च्या ‘पॉलिटिकल लिबरॅलिझम’ या ग्रंथात उत्तर दिले की सत्तेचा वापर ज्यांच्यावर होतो त्यांना, त्यांचा धर्म कोणताही असो, पटू शकतील अशाच कारणांवर मूलभूत कायदे उभे असावेत. पुढे 1997 मध्ये त्यांनी ही अट सैल केली: धार्मिक कारणे खुशाल मांडा, पण त्यांच्या जोडीला सर्वांना समजतील अशी कारणेही योग्य वेळी द्या. निकोलस वॉल्टरस्टॉर्फ या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने यावर जोरदार आक्षेप घेतला. श्रद्धाळू माणसाचे जगणे एकसंध असते, त्याला सभागृहाच्या दारात धर्म काढून ठेवायला सांगणे म्हणजे निधर्मी माणसाला न लावलेली अट त्याला लावणे होय, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. गुलामगिरीविरोधी चळवळ आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढा ही दोन्ही उघडपणे धर्माच्या भाषेत झाली होती.

न्यूयॉर्कला या वादाची ओळख आधीपासून होती. गव्हर्नर मारिओ कुओमो हे निष्ठावान कॅथलिक. सप्टेंबर 1984 मध्ये नोत्रदाम विद्यापीठातील भाषणात त्यांनी गर्भपाताबद्दल भूमिका मांडली: चर्चची शिकवण ते स्वतःच्या आयुष्यात पाळतात, पण अनेक धर्मांच्या समाजावर ती कायद्याने लादायची तर त्याला समाजात व्यापक सहमती हवी. टीकाकारांनी याला पळवाट म्हटले. मारिओंचे पुत्र अँड्र्यू कुओमो 2011 मध्ये गव्हर्नर होते आणि विवाहाचे विधेयक त्यांनीच पुन्हा आणले.

रॉल्स आणि वॉल्टरस्टॉर्फ यांच्या वादाकडे पाहण्याचा अधिक उपयोगी मार्ग 2 डिसेंबर 2009 च्या त्या सभागृहातून जातो. डियाझ यांचे मत चुकीचे होते असे मानणाऱ्यानेही एवढे कबूल केले पाहिजे की त्यांनी आपले कारण सर्वांसमोर ठेवले. त्यामुळे त्यांना उत्तर देता आले, त्यांच्या धर्मातल्याच दुसऱ्या वाचनाने त्यांना खोडता आले. जे गप्प बसले त्यांच्या मतामागे श्रद्धा होती, पक्षाचा दबाव होता की पुढच्या निवडणुकीची भीती होती, हे कळायला मार्ग नव्हता. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने धार्मिक कारण ही अडचण नाही. न सांगितलेले कारण ही खरी अडचण आहे. दुसऱ्याचा हक्क नाकारणारे मत देऊन त्याला कारणही न सांगणे हा त्या माणसाचा दुहेरी अपमान आहे.

मतदानानंतर हिशेब मागण्याचे काम ‘फाइट बॅक न्यूयॉर्क’ या गटाने हाती घेतले. विरोधात मत दिलेल्या तिघांना त्याने लक्ष्य केले आणि 2010 मध्ये तिघेही हरले: हायराम मोन्सेराटे, बफेलोचे विल्यम स्टाकोव्स्की आणि 1972 पासून निवडून येणारे क्वीन्सचे फ्रँक पॅडव्हॅन. या यशाचा अर्थ लावताना मात्र घाई नको. मोन्सेराटे यांना मारहाणीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर सिनेटने काढून टाकले होते, म्हणून त्यांच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली; त्यांच्या पराभवाचे श्रेय विवाहाच्या मताला देणे चूक ठरेल. मतदार एका कागदावर दहा गोष्टींचा निवाडा एकदम करतो. त्यातून एका मताची शिक्षा वेगळी काढून दाखवता येत नाही.

उलट बाजूचा हिशेबही तितकाच कठोर निघाला. 24 जून 2011 च्या रात्री विधेयक 33 विरुद्ध 29 मतांनी मंजूर झाले. चार रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले: अलेसी, रॉय मॅकडॉनल्ड, स्टीफन सॅलंड आणि मार्क ग्रिसांटी. पहिले तिघे 2009 मध्ये ‘नाही’ म्हणाले होते. धर्मसंस्थांना त्यांच्या श्रद्धेविरुद्ध विवाह लावण्याची सक्ती होणार नाही, ही कलमे विधेयकात पक्की करण्यासाठी सॅलंड यांनी बराच आग्रह धरला होता. ग्रिसांटी कॅथलिक आणि वकील. प्रचारात ते या विवाहांच्या विरोधात होते. त्या रात्री त्यांनी सांगितले की विरोधासाठी कायदेशीर कारण शोधूनही सापडले नाही, आणि आपल्याला पत्नीसोबत जे हक्क मिळतात ते दुसऱ्या नागरिकाला नाकारता येत नाहीत. स्वतःच्या श्रद्धेशी झगडून, मतदारांना दिलेला शब्द बदलून आणि त्याचे कारण त्यांच्यासमोर मांडून दिलेले हे मत या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक मत म्हणावे लागेल.

न्यूयॉर्कमध्ये 1962 पासून स्वतंत्र कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष आहे. तेथे एकाच उमेदवाराला अनेक पक्षांची उमेदवारी मिळू शकते, म्हणून हा छोटा पक्ष रिपब्लिकनांच्या जयापराजयात निर्णायक ठरतो. विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या कोणालाही उमेदवारी मिळणार नाही, असे त्या पक्षाने आधीच बजावले होते. 2012 मध्ये अलेसी उभेच राहिले नाहीत. मॅकडॉनल्ड पक्षांतर्गत निवडणुकीत निसटत्या फरकाने हरले. सॅलंड ती फेरी जेमतेम जिंकले. पण त्यांचा प्रतिस्पर्धी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या चिन्हावर रिंगणात राहिला, त्याने हजारो मते घेतली आणि जागा डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेली. ग्रिसांटी त्या वेळी वाचले, 2014 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. परंपरावादी मतांचा जाब मागणाऱ्यांनी जे हत्यार वापरले, तेच परंपरा सोडल्याचा जाब मागणाऱ्यांनीही वापरले. पहिल्याला लोकशाही आणि दुसऱ्याला सूड म्हणता येणार नाही.

चर्चनेही आपला हिशेब मागितला. विधेयक मंजूर झाल्यावर ब्रुकलिनच्या बिशपांनी आपल्या अखत्यारीतील चर्च आणि शाळांना, पाठिंबा देणाऱ्या राजकारण्यांचा सन्मान करू नये, असे सांगितले. धर्मसंस्था आपल्या अनुयायाला शिस्त लावू शकते, पण ती शिस्त अनुयायी म्हणून. सिनेटर म्हणून तो बिशपांना बांधील नाही. अमेरिकी राज्यघटनेचे सहावे कलम सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावायला मनाई करते. हे कलम शासनाला बांधते, मतदाराला नाही. तरी त्यामागचे तत्त्व मतदारानेही पाळण्यासारखे आहे. ‘हा पेंटेकॉस्टल आहे म्हणून याला पाडा’ आणि ‘याने अमुक विधेयकावर अमुक मत दिले म्हणून याला पाडा’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य माणसाच्या धर्मावर चालून जाते, दुसरे त्याच्या कृतीचा हिशेब मागते.

सर्वांत अवघड मुद्दा डियाझ यांच्याच बाबतीत उभा राहतो. 2011 मध्ये विरोधात मत देणारे ते एकटे डेमोक्रॅट होते. त्यांच्या मतदारांनी त्यांना त्यानंतरही निवडून दिले. निवडणूक हीच एकमेव कसोटी मानली तर डियाझ यांचा हिशेब चुकता झाला. पण त्यांच्या मताचा भार केवळ ब्राँक्सच्या त्या मतदारसंघावर पडणार नव्हता. तो मॅनहॅटनमधल्या, अल्बनीतल्या, बफेलोतल्या जोडप्यांवर पडणार होता, आणि त्यांच्या हातात डियाझ यांच्याविरुद्धचे एकही मत नव्हते. प्रतिनिधी निवडतात एक आणि कायदा सोसतात दुसरे, ही राज्य विधिमंडळाची मूळ रचनाच आहे. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा प्रश्न असतो तेव्हा ही फट सर्वांत रुंद होते, कारण जे थोडे आहेत ते कुठल्याच मतदारसंघात निर्णायक नसतात. म्हणून मतपेटीच्या बाहेरची जबाबदारी लागते: सभागृहात ज्यांच्यावर बंधन येते त्यांच्या तोंडावर कारण सांगण्याची, आणि शेवटी न्यायालयासमोर ते कारण टिकवण्याची. जून 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क सर्व राज्यांत मान्य केला, तेव्हा अनेक राज्यांची कारणे त्या कसोटीवर टिकली नाहीत.

हे सारे शक्य झाले ते प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवलेले होते म्हणून. भारतातील विधानसभांत चित्र वेगळे आहे. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. महाराष्ट्रात अध्यक्ष ‘होयचे बहुमत’ म्हणतात आणि विषय संपतो. मतविभाजनाची मागणी झाली तरच आमदाराचे नाव मतापुढे लागते. त्यातच 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरताना व्हिपचा हा धाक सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी संबंधित मतदानापुरता ठेवावा, असे सुचवले. व्यवहारात ती मर्यादा पाळली गेली नाही. परिणामी आमदाराची श्रद्धा, त्याचा विवेक आणि त्याचा पक्ष यांतले नेमके काय मत देत आहे हे कळत नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याचा इतिहास हे याचे महाराष्ट्रातले उदाहरण. विधेयक अनेक वर्षे रखडले. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. श्रद्धेवर घाला येईल अशी भीती या काळात वारंवार मांडली गेली, आणि तिच्यावर खुली चर्चा होणे योग्यच होते. पण विधेयक रखडवून जो विलंब होतो, त्यात कोण अडले, श्रद्धेने अडले की मतांच्या हिशेबाने, याची नावानिशी नोंद कुठेच राहत नाही. न्यूयॉर्कच्या मतदारांना अलेसी यांचा ‘नाही’ आणि त्यांचाच ‘होय’ दोन्ही दाखवता आले. महाराष्ट्रातील मतदारासमोर त्या विलंबाच्या वर्षांतले आपल्या आमदाराचे मत आलेच नाही.