दान की देणं?

एक साधा सवाल. ज्याचं आपण देणं लागतो, त्याला आपण दान देऊ शकतो का?

सवाल हवेतला नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात कँटन नावाचं शहर आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथल्या वॉलमार्टच्या दुकानात, कामगारांच्या जागेत, प्लास्टिकचे मोठे डबे मांडले होते. पाटीवर लिहिलेलं : आपल्यातल्या गरजू कामगारांना सणाचं जेवण मिळावं म्हणून खाण्याचे जिन्नस यात टाका. पाटी गिऱ्हाइकांसाठी नव्हती. कामगारांनीच कामगारांसाठी टाकायचं. बोभाटा झाला तेव्हा कंपनी म्हणाली, आमची माणसं एकमेकांची किती काळजी घेतात बघा! त्याच जानेवारीत संपलेल्या वर्षाचा कंपनीचा नफा होता सुमारे १,७०० कोटी डॉलर.

म्हणजे दिवसभर जो धान्य विकतो, त्याच्याच घरी सणाला धान्य नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? आजी सांगायची, येसकरपाळी आली की तिचा बाप संध्याकाळी घुंगराची काठी घेऊन घरोघर भाकर मागत फिरायचा. दिवसभर गावकी : सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, चावडीवर राब. ती भाकर मजुरीच होती. पण पदरात पडायची वरून, शिळी, उपकार म्हणून. मजुरीला भिकेचं रूप दिलं की दोन गोष्टी साधतात. देणारा पुण्यवान ठरतो आणि घेणाऱ्याला हिशेब विचारता येत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं, ते या मुळावरच घाव घालायला. बलुत्याच्या जागी रोख मोबदला, हे त्यातलं एक कलम होतं.

कुणी म्हणेल, दान वाईट कसं? बौद्ध धम्मात दान ही पारमिता आहे. खरंय. पण दान द्यायचं ते आपल्या मालकीचं असावं लागतं. खात्यात शेजारी काम करणारा त्याच्या डब्यातली अर्धी भाकर मला देतो, ते दान. ती मैत्री. कँटनच्या ज्या कामगाराने त्या डब्यात काही टाकलं असेल, त्याला माझा जय भीम. पण मालकाने आधी पगार दाबायचा आणि मग सणाला दया दाखवायची, हे दान नव्हे. तो माझ्याच भाकरीतला तुकडा. आणि इथं तर तुकडासुद्धा मालकाचा नाही. अर्धपोटी माणसाने उपाशी माणसाला घालायचा, मालकाने फक्त डबा ठेवायचा!

दुसरा म्हणेल, पगार ठाऊक होता, सही केली, नको तर सोड. याचं उत्तर बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये देऊन ठेवलंय. बेकारापुढे कसलीही नोकरी ठेवा, तास ठरलेले नसोत, युनियनला बंदी असो, तो घेणारच. हक्क गहाण टाकून घेणार. उपाशी माणसाची सही म्हणजे त्याची मर्जी नव्हे. आणि युनियन केली तर? कॅनडातल्या झाँकिएर इथल्या वॉलमार्टमध्ये २००४ साली युनियन झाली. करार व्हायच्या आत, २००५ साली, दुकानच बंद. तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल कंपनीविरुद्ध दिला, पण २०१४ साली. तोवर चूल थांबते का?

तरी माणसं उठली. ऑक्टोबर २०१२ मध्ये लॉस एंजलिसच्या आसपासच्या दुकानांतल्या कामगारांनी संप केला. पुढच्याच महिन्यात, ऐन मोठ्या खरेदीच्या दिवशी, अनेक शहरांत निदर्शनं झाली. लाखो कामगारांत संपकरी मूठभर. मागणी काय, तर पूर्ण वेळ कामाला वर्षाला निदान २५,००० डॉलर. फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं : एप्रिलपासून तासाला निदान ९ डॉलर, पुढच्या वर्षी १०. तिथला देशाचा किमान दर २००९ पासून ७.२५ वरच अडकलेला. सुमारे ५ लाख जणांचा पगार वाढला. मूठभरांची ताकद ही.

पण कंपनी युनियनशी बोलणी करायला बसली नाही. वाढ जाहीर केली, पाटलाने दिवाळीला चोळी-बांगडी द्यावी तशी. मर्जीने दिलेलं मर्जीने काढूनही घेता येतं. म्हणून पैशाइतकंच समोरासमोर बसून ठरवणं महत्त्वाचं. पैशाने पोट भरतं. बरोबरीने बसल्यावर माणूस माणूस ठरतो.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडू नका. २०१८ साली याच कंपनीने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी आज पार्सलं पोचवतात, मॉलमध्ये दिवसभर उभ्या असतात. आपण जयंतीला अन्नदान करतो, वह्या वाटतो. जरूर करा. पण पंगतीत ती पोरगी जेवायला बसली, की तिला विचारा : बाई, पगाराची चिठ्ठी मिळते का? किमान वेतन मिळतं का? पीएफ कापतात तो भरतात का?

आणि ती 'नाही' म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं लेबर कमिशनरच्या कचेरीत कोण जाणार, हे त्याच पंगतीत ठरवा.