आधी धक्का, मग होडी

करंजा बंदरात एका वर्षी म्हावऱ्याला चांगला भाव लागला. एका नाखव्याने मोठी होडी घेतली. त्याचे पाहून दुसऱ्याने कर्ज काढले, मग तिसऱ्याने. दोन हंगामांत होड्या दुप्पट झाल्या.

एक म्हातारा नाखवा म्हणाला, "पोरांनो, होड्या वाढल्या, पण धक्का तेवढाच आहे. माल उतरवाल कुठे?"

"बाबा, धक्का मी बांधला तर फायदा सगळ्यांचा आणि कर्ज माझ्या एकट्याच्या डोक्यावर," एक तरुण म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

एके दिवशी कोलंबी भरपूर लागली. सगळ्या होड्या भरून एकाच भरतीला परतल्या. धक्क्याला लागल्या दोनच. त्यांच्या पाट्या उतरेपर्यंत ओहोटी लागली आणि बाकीच्या खाडीच्या तोंडाशीच अडकल्या. बर्फ वितळला, कोलंबीची डोकी काळी पडली. त्याच संध्याकाळी उरणच्या बाजारात कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या.

रात्री गाव जमले. म्हातारा म्हणाला, "होडी एका हंगामात होते, धक्क्याला वर्षे लागतात. होडी ज्याची त्याने खुशाल घ्यावी, पण धक्का सगळ्यांनी मिळून आणि आधी बांधावा." नवी होडी घेणाऱ्याने गावाला आधी कळवायचे आणि प्रत्येकाने पाटीमागे धक्क्याचा वाटा द्यायचा, असे ठरले.

विजेचेही असेच आहे. २००३ च्या वीज कायद्याने औष्णिक, सौर, पवन अशा वीजनिर्मितीला परवान्याची अट ठेवली नाही. भाव पाहून कोणीही केंद्र उभारू शकतो. पण वीज वाहून नेणाऱ्या तारांसाठी जागा, परवानग्या आणि वर्षे लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा वाहिन्या बंद पडल्या आणि राज्यात वीज असूनही मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. मुंबईला बाहेरून वीज आणणारी, वर्षानुवर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी त्यानंतर, २०२३ मध्ये सुरू झाली.

तात्पर्य : नफा ज्याचा त्याने पाहावा, पण वाट सर्वांची असते. तिचे नियोजन सर्वांनी मिळून आणि वेळेआधी करावे.