मालक रथात नसतो

पिकअपचा लिमिटर काढून मागणारे गिऱ्हाईक माझ्याकडे टोमॅटोच्या हंगामात येते. नारायणगावला गाड्या भरायला लागल्या की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांचे काम वाढते. हेडलाइट, सेल्फ, अल्टरनेटर, आणि मधूनच कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतो, "काका, ऐंशीचं लॉक तेवढं काढा ना."

१ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना वेगाची मर्यादा कारखान्यातूनच येते. मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम तो. साध्या मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटर. टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६०. जुन्या गाड्यांना बाहेरून डबी बसवून सील मारायचे. नव्या गाड्यांत एक्सलेटर म्हणजे नुसता सेन्सर. पाय किती दाबलाय ते तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ऐंशीला पोचल्यावर ईसीएम डिझेल वाढवून देत नाही, मग पाय तळाला टेकवा नाहीतर काही करा. तो आकडा बदलायला पाना लागत नाही, लॅपटॉप लागतो.

मी माळकरी आहे हे गिऱ्हाइकांना दिसतेच. एका ड्रायव्हरने, पोरसवदा पण बोलका, मला त्यावरूनच पकडले. "काका, तुम्ही माळ घातली ती मनानं. मटणाच्या दुकानाला कुणी कुलूप ठोकलं म्हणून नाही. मग मलाही माझ्या मनानं ऐंशीवर राहू द्या की. कुलपातल्या संयमाचं पुण्य कसलं?"

प्रश्न बिनतोड होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण, हातपाय आवरून मनात विषय घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हणतात. एक्सलेटर तळाला दाबून लिमिटरवर चरफडणारा ड्रायव्हर दुसरा कोण? गाडी ऐंशीवर, मन शंभरावर. त्याच्या खात्यावर पुण्य जमा होत नाही, एवढे मला मान्य आहे.

पण माळेचा हिशेब माझ्यापुरता आहे. उद्या मी ती उतरवली तर बिघडेल ते माझे. दीड टन माल भरलेली पिकअप ऐंशीवरून शंभरावर नेली की तिच्या अंगातला जोर सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त होतो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारा रस्ताही त्याच प्रमाणात वाढतो. त्या वाढलेल्या रस्त्यावर आळेफाट्याला एसटीची वाट बघणारी बाई उभी असेल, शाळेचे पोर सायकलवर असेल. त्यांना कुणी विचारलेले नसते. धोका दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा आणि चर्चा स्वतःच्या मनाच्या शुद्धतेची करायची, हे मला पटत नाही. ड्रायव्हरला साधू करायला कायद्याने लिमिटर लावलेला नाही.

ओव्हरटेक करताना गाडी ऐंशीला अडते आणि समोरून कंटेनर येतो, असे ड्रायव्हर सांगतात. ते खोटे नाही. त्यावर माझे उत्तर रुक्ष आहे: त्या वेळी ओव्हरटेक करू नये.

मग मी त्या पोराला वाशीच्या वाटेचे आकडे मांडून दाखवले. माळशेज घाटात ऐंशीचा प्रश्नच येत नाही. कल्याणकडे गर्दी. वाशीपर्यंत खरा मोकळा रस्ता चाळीस किलोमीटर धर. ऐंशीने तीस मिनिटे, शंभराने चोवीस. सहा मिनिटांसाठी कशाला?

तो हसला. "सहा मिनिटं मला कशाला पायजेत काका? शेठचा फोन येतो. कुठं पोचला, अजून तिथंच का? लॉक काढलेली गाडी दुसऱ्याची पोचते ना आधी."

आता खरी गोष्ट बाहेर आली. त्याच तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, इच्छा नसताना, जबरदस्ती केल्यासारखा माणूस पाप का करतो? काम आणि क्रोध, असे उत्तर मिळते. भगवंतांच्या उत्तरात आमच्या रस्त्यापुरती भर घालण्याचे धाडस मी करतो. कठोपनिषदात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे असतात, आणि रथाचा मालक आत्मा रथातच बसलेला असतो. रथ दरीत गेला तर तोही जाईल. आमच्या पिकअपचा मालक घरी असतो आणि फोन करतो. काम त्याचा, क्रोध त्याचा, पाय मात्र पगारी.

अशा माणसाच्या संयमाचे काय करायचे? लिमिटर नसेल तर "मी पळवणार नाही" असे त्याला स्वतः म्हणावे लागेल, आणि ते म्हणायची किंमत नोकरी आहे. लिमिटर असेल तर "गाडीच पळत नाही शेठ" एवढ्यावर भागते. शिव्या मशीन खाते. स्वातंत्र्य म्हणून तो जे मागत होता, ते मिळताक्षणी शेठच्या हातात गेले असते.

मर्यादेला अपवाद असतात. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांच्या गाड्या नियमानेच मोकळ्या आहेत. महाभारतातही शांतिपर्वात आपद्धर्माचा वेगळा विचार केलाच आहे. टोमॅटोचा लिलाव ही आपत्ती नव्हे.

माझ्या गॅरेजात लिमिटर काढून मिळत नाही. पण लॅपटॉपवाले आता पुष्कळ झालेत, त्यामुळे माझ्या नकाराने फार अडत नाही. म्हणून सांगणे ड्रायव्हरला नाही, मालकांना आहे. शेठ, गाडी अर्धा तास आधी भरून द्या, आणि ती रस्त्यावर असताना ड्रायव्हरला फोन करू नका.