विश्रांती : घेतलेली की मिळालेली?



पती-पत्नीने चार दिवस घरदार मागे ठेवून, केवळ आराम करण्यासाठी कुठेतरी जावे का? प्रश्न साधा आहे. पण आपल्या संगमनेरात तो कोणी विचारला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक उत्तर असे : "कष्टाचा पैसा असा उधळायचा नसतो." दुसरे असे : "आमचा पैसा, आमची सुट्टी, कोणाला काय त्याचे?" आम्हांला वाटते, या दोन्ही उत्तरांत एक महत्त्वाची गोष्ट सुटून जाते.

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून आम्ही दोघे जुलै महिन्यात गोव्याला जाऊन आलो. पावसात गोव्याला कोण जाते, असे अनेकांनी विचारले. पण हंगाम नसला की खोली स्वस्त मिळते आणि गर्दीही नसते. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यापूर्वीच उतरवलेले असतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ. म्हणजे माणसाने समुद्रालाही सुट्टी दिली आहे! आम्ही तेथे फारसे काही पाहिले नाही. व्हरांड्यात बसून पाऊस बघितला आणि मुलांची फी, दुधाचा भाव व पाण्याची पाळी सोडून दुसऱ्या विषयांवर एकमेकांशी बोललो. असे बोलणे कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

या चार दिवसांत आमच्या गोठ्यातल्या गायींची धार शेजारच्या वहिनींनी सकाळ-संध्याकाळ काढली आणि दूध डेअरीवर पोहोचवले. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना हे सांगायला नको, की गायीला रविवार नसतो. तिकडे आम्हांला चहा आणून देणारा मुलगा दूर झारखंडचा होता. हंगामात त्याला सुट्टी मिळत नाही आणि हंगाम संपला की पगार कमी होतो, असे तो सहज सांगून गेला. खोलीचे भाडे आम्ही दिले हे खरे, पण आमची विश्रांती केवळ त्या भाड्यावर उभी नव्हती.

पवित्र शास्त्रातील विश्रांतीची आज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. देव तेथे केवळ घरमालकाला थांबायला सांगत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांची तो यादी देतो. या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. आज्ञेतील 'तू' या शब्दात पती आणि पत्नी दोघेही आले, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या घरांत मात्र रविवारी मिस्सा झाली की पुरुष विसावतात आणि बाई मटणाच्या रश्श्यासाठी चुलीपुढे बसते. तिची विश्रांती कोणाच्या यादीत आहे?

रविवारची सुट्टी तरी आपल्याला आयती कोठे मिळाली? मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चळवळ केली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीच्या हक्काचा पुरस्कार केला. आपण रविवारी निवांत बसतो, त्यामागे कोणाचे तरी झगडणे आहे.

आणि आपल्या तालुक्यात 'हंगाम' म्हटले की आधी आठवतो तो उसाचा गळीत हंगाम. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे मिळून एक कोयता! दिवाळीच्या सुमारास ही जोडपी बिऱ्हाड घेऊन येतात आणि फडाजवळ कोप्या घालून राहतात. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे एक दिवस काम बुडाले, तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. हंगाम संपतो तेव्हा तेही मोकळे होतात, पण त्या मोकळ्या दिवसांत विश्रांती नसते. पुढच्या हंगामाची उचल असते. आपल्या चहातली साखर अशा जोडप्यांच्या हातून आलेली आहे.

मग कोणी विश्रांती घेऊच नये का? तसे मुळीच नाही. थकलेल्या शिष्यांना प्रभू येशूनेच एकांतात जाऊन थोडे विसावण्यास सांगितले होते. आपण विसावा नाकारला म्हणून फडातल्या बाईला तो मिळत नाही. उलट, ज्याला विश्रांतीची चव कळली त्यालाच दुसऱ्याचा थकवा लवकर दिसावा.

प्रेषितांच्या कृत्यांत याचा एक सुंदर दाखला आहे. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर भूमध्य समुद्रात संत पौलाचे जहाज फुटले आणि २७६ माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागली. पाऊस आणि थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून अनोळखी माणसांचे स्वागत केले. त्या शेकोटीसाठी पौलाने स्वतः काटक्या गोळा केल्या. पुढे बेटाच्या प्रमुखाने पाहुणचार केला, तेव्हा पौलाने त्याच्या आजारी वडिलांसाठी प्रार्थना करून त्यांना बरे केले. तीन महिने तो तेथे राहिला, पण नुसता पाहुणा म्हणून राहिला नाही.

विश्रांती आपण घेतो असे आपल्याला वाटते. खरे तर ती आपल्याला कोणीतरी देत असते, आणि जे मिळाले ते परत द्यायचे असते. शेजारणीने आपल्या गायी सांभाळल्या असतील, तर तिला माहेरी जायचे असेल तेव्हा तिचा गोठा आपण सांभाळावा. महिन्यातून एका रविवारी तरी स्वयंपाकघर पुरुषांनी व मुलांनी हाती घ्यावे. आपल्या शेतात तोड आली, तर तोडकऱ्यांना प्यायचे स्वच्छ पाणी आणि त्यांच्या लेकरांना सावली आपल्या दारी मिळावी.

अवश्य फिरायला जावे. गोवा परवडत नसेल तर भंडारदरा जवळच आहे. जाण्यापूर्वी पती-पत्नीने एकमेकांना इतकेच विचारावे : आपल्या मागे काम कोण करणार आहे, आणि त्याची पाळी कधी येणार?