बोअरची खोली

पांडुरंगा, मृग कोरडा गेला की दरवर्षी आम्ही तुझ्याकडे पाऊस मागतो. आज पाऊस मागायला हात जोडले नाहीत. आज तुझ्यापुढं कबुली द्यायची आहे.

आमच्या गावचा आड 1972च्या दुष्काळातही आटला नव्हता, असं आजोबा सांगायचे. बायका घागरी घेऊन ताटकळायच्या, पण पाझर होता. त्या आडापासून हाकेच्या अंतरावर मी बोअर घेतला. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. रात्रभर गाडी घरघरत होती. पांढऱ्या भुकटीनं बांधावरचं लिंबाचं झाड सकाळी ओळखू येईना. 450 फुटांवर पाणी लागलं तेव्हा मी तुझंच नाव घेतलं, गुलाल उधळला. भूजल कायद्यानं 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जाण्यावर बंधन घातलंय, हे मला ठाऊक होतं. कोण बघतंय, म्हणालो. तू बघत होतास.

दुसऱ्या उन्हाळ्यात आडाचा तळ उघडा पडला. भेगाळलेल्या गाळात एक चेपलेली कळशी तेवढी दिसत होती. गावानं सरकारला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांत मोठ्यानं.

मायबापा, 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दहा वाघिणी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. टीव्हीसमोर बसून मी हळहळलो. देशाचं कसं व्हायचं, असं घरातल्यांना म्हणालो. आणि त्याच घटकेला मळ्यात माझी मोटर चालू होती, उसाला पाणी जात होतं. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला आहे. तो उपसा कुणा परक्यानं केला नाही. त्यात माझी मोटर आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला तू आमच्याहून कमी पाऊस देतोस. तिथल्या लोकांनी शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, असं आपसात ठरवलं आणि पाळलं. दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरवतात. म्हणजे तुझ्या देण्यात खोट नव्हती, विठ्ठला. आम्ही हिशेबच ठेवला नाही.

हिशेब मांडायची जागा आमच्याकडेही आहे. ग्रामसभेला शंभर माणसं, किंवा मतदारांच्या 15 टक्के, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-दहा जण बसून ठरवतात. मी पारावर बसून हे कितीदा तरी पाहिलं. वीस पावलं चालून आत गेलो नाही आणि वर्षभर त्या पाच-दहा जणांना नावं ठेवली.

आता मला आत जायचं बळ दे. भाऊबंद म्हणतील, स्वतःचा ऊस कारखान्याला गेला आणि आता ह्याला शहाणपण सुचलं. ते खरंच बोलतील. तेव्हा मला चिडू देऊ नकोस, उठून जाऊ देऊ नकोस. दुसऱ्याच्या बोअरचा विषय मला पहिल्यांदा काढू देऊ नकोस. यंदा उसाच्या जागी तूर आणि ज्वारी घ्यायची, हे मी घरात बोललोय. उसाचं बिल हातात येणार नाही म्हटल्यावर कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढं येतो आणि मन मागं फिरतं. ते धरून ठेव.

15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. एका कागदावर लिहून ठेवलंय: बोअर 450 फूट, ऊस दीड एकर, वीज असेल तितका वेळ मोटर चालू. पांडुरंगा, हा कागद सगळ्यांच्या आधी मला वाचू दे.